साडूने वाचलेलं अर्धं पान

आमच्या छापखान्यात त्यांना कानामात्रा म्हणायचे. नाव कुणी ठेवलं हे आता कबूल करायला हरकत नाही, मीच ठेवलं. मी पलीकडच्या खोलीत संगणकावर पानं लावायचो आणि माझी पानं त्यांच्या टेबलावरून लाल शाईने माखून परत यायची. इथे काना राहिला, तिथे मात्रा राहिली, ही वेलांटी पहिली हवी. चिडून ठेवलेलं नाव पुढे मालकांच्याही तोंडी बसलं.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. मुंगीएवढी अक्षरं, आणि एकदा उघडला की परत तशी घडी घालून दाखवावी. तो आमच्याकडे छापला जायचा. 'हा कागद जगात एकच माणूस पूर्ण वाचतो आणि त्याला मी पगार देतो,' असं मालक म्हणायचे. यात थोडी चूक होती, कारण वाचणारी माणसं दोन होती. कानामात्रांच्या समोर, त्याच टेबलाशी, बाई बसायच्या. कंपनीकडून आलेला मूळ मजकूर बाई मोठ्याने वाचायच्या आणि कानामात्रा छापील नमुन्यावर बोट फिरवत जुळवून बघायचे. बाई चिन्हंसुद्धा वाचायच्या. 'गरोदर स्त्रियांना, स्वल्पविराम, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय, स्वल्पविराम, देऊ नये, पूर्णविराम.' त्या 'नये'वर त्यांचा आवाज जरासा चढायचा. तो एक शब्द गळला तर काय होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. सोळा वर्षं हे असं चाललं होतं. मधल्या प्लायवूडच्या भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं, आणि जे ऐकू आलं नाही ते कानामात्रांनी पुढे स्वतःच सांगितलं.

बाई ज्यू होत्या. शनिवारी यायच्या नाहीत आणि त्याबदल्यात बाकीचे दिवस तासभर जास्त बसायच्या. त्यांच्या धर्माचा आम्हाला एवढाच काय तो संबंध.

कानामात्रांना आयुष्यात एकच दुखणं होतं, त्यांचा साडू. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा गृहस्थ फरशांच्या दुकानात विक्रेता होता. उंचापुरा, आवाज असा की गिऱ्हाईक न्हाणीघराची फरशी बघायला आलं तर गच्चीचीही घेऊन जाईल. त्याने इंटरनेटवर धर्मचर्चेचा चॅनेल काढला होता. वेगवेगळ्या धर्मांच्या वक्त्यांना समोर बसवायचं, ग्रंथांतली वचनं एकमेकांच्या अंगावर फेकायची आणि शेवटी स्वतः जिंकायचं. दोन वर्षांत त्याला लाखभर लोक ऐकायला लागले.

आणि कानामात्रा? त्यांनी तीस वर्षं सगळ्या धर्मांचे ग्रंथ मिळतील तसे वाचले होते. घरी त्यांच्या चौतीस वह्या होत्या, प्रत्येक वचनाखाली पान, ओळ, आवृत्ती. पण चारचौघांत तोंड उघडलं की शब्द अडखळायचे. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, तसली गत. सासूबाई मोठ्या कौतुकाने धाकट्या जावयाचं बोलणं फोनवर लावून थोरल्या जावयासमोर धरायच्या. 'बघा हो, किती पाठांतर आहे!' पाठांतर कसलं, समोर कागद धरून वाचतोय, हे कानामात्रांना त्याच्या डोळ्यांच्या हालचालीवरूनच कळायचं. पण सांगायचं कुणाला? सांगितलं तर पोटात दुखतंय म्हणणार. आणि दुखतच होतं. रोज सकाळी कामाला लागण्याआधी ते साडूच्या चॅनेलचा आकडा बघायचे. आकडा वाढला की त्या दिवशी माझ्या पानांवर लाल शाई जास्त, असा माझा हिशोब कधी चुकला नाही.

शेवटी राहवेना म्हणून त्यांनी खोट्या नावाने खातं काढलं. 'एक वाचक'. साडूच्या प्रत्येक चर्चेखाली हा वाचक लिहायचा: आपण दिलेला अध्याय चुकीचा आहे, हे वचन त्या ऋषींचं नाही, आपण 'पृष्ठ'चा उच्चार चुकीचा करता. वर्षभरात साठेक दुरुस्त्या झाल्या असतील. एक दिवस साडूचा फोन आला.

'साडूभाऊ, तो वाचक तुम्हीच ना?'

'कोण वाचक?'

'अहो, अख्ख्या नात्यात अर्धविराम वापरणारा माणूस एकच आहे.' आणि तो खो खो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं कानामात्रा मला म्हणाले. तो म्हणाला, 'लपून कशाला? या ना उघड. संदर्भ तुम्ही काढून द्या, बोलायचं मी बघतो.'

कानामात्रांनी दोन दिवस भाव खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. साडूने त्यांना आपल्या चर्चेच्या ग्रुपवरही घेतलं. तिथे तीनशे माणसं होती. चार धर्मांचे पंडित, उपदेशक, निवृत्त शिक्षक, हौशी लोक. कुणी कुणाच्या ग्रंथाचं एक अक्षर इकडचं तिकडे केलं की तासाभरात चाळीस निषेध. कानामात्रांना वाटलं, आपण स्वर्गात आलो. तीनशेंत ज्यू मात्र एकही नव्हता. हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सहा महिन्यांनी साडूने विचारलं, 'तुमच्या ऑफिसात त्या ज्यू बाई आहेत ना? त्यांच्याकडे एखादं जुनं पुस्तक मिळेल का? हल्ली लोकांना तो विषय फार हवा आहे.'

कानामात्रांनी बाईंना विचारलं. आपल्या ग्रंथांत कुणाला रस आहे याचंच बाईंना अप्रूप वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या कापडात गुंडाळून एक पुस्तक घेऊन आल्या. वडिलांचं होतं. कुणा जुन्या गुरू-शिष्यांच्या संवादांचं भाषांतर, पानं पिवळी, कडेला वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा. 'जपून,' एवढंच म्हणाल्या.

कानामात्रांनी त्यातली पाच-सहा पानं निवडून साडूला फोटो पाठवले. त्यातल्या एका पानावर असा संवाद होता. शिष्य म्हणतो, 'परका माणूस धान्य घ्यायला आला तर माप थोडं आखडतं घ्यावं, तो आपला नाही.' त्यावर गुरू भडकतात. म्हणतात, 'समोर कोण उभा आहे हे तराजूला दिसत नाही. परक्याला ज्याने आखडतं मापलं, त्याने देवाला आखडतं मापलं. ऊठ, त्याला शोध आणि उरलेलं देऊन ये.' कानामात्रांना ते फार आवडलं होतं. फोटोवर त्यांनी खूण करून लिहिलं होतं, 'हे जरूर घ्या, सुंदर आहे.'

साडूने घेतलं. कॅमेऱ्यासमोर फोटोवरून छापून काढलेलं पान उंचावून शिष्याचं वाक्य वाचलं. 'माप थोडं आखडतं घ्यावं, तो आपला नाही! हे मी म्हणत नाही, यांच्या ग्रंथात लिहिलंय!' आणि पान खाली ठेवलं. मग म्हणाला, 'हे अस्सल पान शोधून दिलं आमच्या साडूभाऊंनी. पडद्यामागचे विद्वान. त्यांच्याइतकं वाचलेला माणूस मी पाहिला नाही.'

कानामात्रा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बघत होते. बायको भाजी निवडत होती. 'अहो, तुमचं नाव घेतलं!' ती म्हणाली. नाव घेतलं नव्हतं, नातं घेतलं होतं. तरी कानामात्रांची कानशिलं गरम झाली.

'पण उत्तर वाचलं नाही त्याने,' ते म्हणाले.

'कसलं उत्तर?'

'काही नाही.'

खाली लोकांचे अभिप्राय पडत होते. 'म्हणूनच यांना सगळीकडून हाकललं.' 'यांच्या रक्तातच आहे.' 'जे झालं ते कमीच झालं.' आणि मध्येच, 'हे साडूभाऊ कोण? यांनाही समोर आणा.' 'साडूभाऊंना नमस्कार.' कानामात्रांनी मला खाली मान घालून सांगितलं, 'मी त्या सगळ्या घाणीतून बोट फिरवत गेलो आणि माझ्याबद्दलचे तेवढे मोजले. एकतीस होते.'

ग्रुपवरही चर्चा पडली. चार धर्मांच्या पंडितांनी ती पाहिली, आणि शिष्याचं म्हणणं आणि गुरूचं उत्तर यातला फरक न कळण्याइतकं कुणी भोळं नव्हतं. पानाचा अख्खा फोटो साडूने आधीच तिथे टाकला होता, मोठा करून बघता येत होता. पण निषेध एकही आला नाही. दोघांनी टाळ्यांची चित्रं टाकली, एकाने विषय बदलला. सगळ्यांनी मूग गिळले, आणि कानामात्रांनीही. त्यांनी साडूला खाजगीत तेवढं लिहिलं की पान पूर्ण वाचायला हवं होतं. उत्तर आलं, 'छापलेलंच वाचलं ना? एक शब्द तरी माझा आहे का? अख्खं पान वाचत बसलो तर लोक झोपतील, साडूभाऊ.' पुढे हसरा चेहरा.

चार दिवसांनी बाई कामावर आल्या, पर्स खुर्चीला अडकवली आणि वाचायला न घेता म्हणाल्या, 'पुस्तक झालं असेल तर आणून द्या.'

'आणतो. उद्याच आणतो.'

'माझ्या भाच्याने मला ती चर्चा पाठवली. पान मी ओळखलं. कडेला बाबांची पेन्सिल आहे.'

भिंतीपलीकडे माझा हात कळफलकावर थांबला.

'मी पान पूर्ण दिलं होतं, बाई,' कानामात्रा म्हणाले.

'ते दिसतंय. खालचा भाग त्याच्या अंगठ्याखाली आहे.' मग म्हणाल्या, 'लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचलंत?'

'वाचलं.'

'आणि तुम्ही काय लिहिलंत?'

कानामात्रांनी नमुना पुढ्यात ओढला. बाईंनी वाचायला घेतलं. जळजळीवरच्या गोळीचा कागद होता तो. दिवसभरात त्यांनी एक शब्द चुकवला नाही आणि एक शब्द जास्तीचाही बोलल्या नाहीत.

हे इथेच मिटलं असतं. पण तीन महिन्यांनी साडूच्या चर्चांचं पुस्तक निघायचं ठरलं, आणि साडूभाऊ असतात तो घरचाच छापखाना म्हणून काम आमच्याकडे आलं. आमचे मालक त्या काळात पुस्तकांचीही कामं घेऊ लागले होते. पानं मी लावली. छापील नमुने टेबलावर गेले, मूळ प्रत बाईंच्या हातात गेली. मी मालकांना म्हणालो, हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ. मालक म्हणाले, दुसरं कोण आहे?

पहिल्या दिवशी प्रस्तावना झाली. बाई सपाट आवाजात वाचत होत्या. शेवटी ऋणनिर्देश आला. संदर्भांसाठी एका निवृत्त प्राध्यापकांचे आभार. प्रोत्साहनासाठी दुकानाच्या मालकांचे. कॅमेऱ्याचा स्टँड देणाऱ्या मित्राचे. 'तसेच, स्वल्पविराम, समस्त नातलगांचे, पूर्णविराम.'

'पुढे?' कानामात्रा म्हणाले.

'संपलं.'

'परत वाचा.'

बाईंनी परत वाचलं. कानामात्रांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोनशे पानांतले पावणेदोनशे संदर्भ त्यांच्या वह्यांतले, आणि ते समस्त नातलगांत! प्राध्यापकांनी एक चर्चा ऐकली असेल नसेल, पण त्यांच्या नावाला वजन होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. 'स्टँडवाला,' ते म्हणाले. 'स्टँडवाल्याचं नाव आहे.'

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं पान आलं. बाई वाचू लागल्या. 'अवतरणचिन्ह सुरू. परका माणूस धान्य घ्यायला आला तर माप थोडं आखडतं घ्यावं, स्वल्पविराम, तो आपला नाही, पूर्णविराम. अवतरणचिन्ह बंद.' मग त्या थांबल्या. सोळा वर्षांत मी त्यांना वाचता वाचता मध्येच थांबलेलं ऐकलं नव्हतं. 'बाबांच्या पुस्तकात हे इथे संपत नाही,' त्या म्हणाल्या. आवाज कापत नव्हता, फक्त खाली आला होता. 'लावा चूक.'

कानामात्रांनी समासात लिहिलं, 'अपूर्ण. गुरूचं उत्तर गाळलं आहे. अर्थ उलटा होतो,' आणि ते पान घेऊन मालकांकडे गेले. मालक म्हणाले, 'आपण वेलांट्या बघायच्या, अर्थ नाही.' कानामात्रा म्हणाले, 'गोळीच्या कागदावर 'नये' गळलं तर तुम्ही असंच म्हणाल?' मालकांनी पान तसंच पुढे सरकवलं.

मग टेबलाशी परत येऊन, बाईंच्या समोरच, कानामात्रांनी फोन काढला आणि ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं. पूर्ण पान पुन्हा टाकलं. शिष्य काय म्हणतो, गुरू काय म्हणतो. हे पान मी दिलं होतं, अर्धं वाचल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं, तीन महिने मी गप्प राहिलो, त्याखाली माणसांच्या कत्तलीचं समर्थन लिहिलं गेलं तेही मी वाचलं. तुम्हीही वाचलं. तुमच्या ग्रंथाचं असं केलं असतं तर तुम्ही गप्प बसला असतात का? एवढं लिहिलं. एकही अर्धविराम नव्हता, मी पाहिलं.

आता उत्तरं आली. तासाभरात चाळीस नाही, साठ! पानाबद्दल एकही नाही. घरचं भांडण इथे कशाला? एवढे दिवस काय झोपला होतात? कुणीतरी शोधून काढलं की 'एक वाचक' हेच, आणि वर्षभराच्या साठ दुरुस्त्या एकाखाली एक चिकटवल्या. साडूने एकच ओळ लिहिली, 'आमचे साडूभाऊ थोडे जळतात, मोठ्या मनाने घ्या.' त्याला सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले. संध्याकाळपर्यंत कानामात्रांना ग्रुपमधून काढलं.

एका पंडिताने मात्र त्यांना खाजगीत लिहिलं, 'आपण योग्य केलंत. मी मूळ संवाद जाणतो.' कानामात्रांनी विचारलं, 'हे ग्रुपवर लिहाल का?' दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही.

घरी मेहुणीने बोलणं टाकलं. सासूबाई म्हणाल्या, 'धाकट्याचं बरं चाललेलं बघवत नाही हो तुम्हाला.' बायको मध्येच म्हणाली, 'बघवत नाहीच त्यांना, आई. पण पान अर्धंच वाचलं ना?' तिची बाजू कानामात्रांना अपेक्षित नव्हती. त्यातला पहिला भागही नव्हता.

पुस्तकाचं म्हणाल तर प्रकाशकाकडे कुणीतरी ग्रुपवरचं ते बोलणं पोचवलं. भानगड नको म्हणून त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं पान काढून टाकलं. दुरुस्त केलं नाही, नुसतं काढलं. चर्चा इंटरनेटवर तशीच राहिली आणि या गाजावाज्यामुळे आणखी लोकांनी पाहिली. घाण वाढली.

हे सगळं झाल्यावर एक दिवस बाईंनी काम संपवून चष्मा डबीत ठेवला आणि विचारलं, 'एक सांगाल? त्या प्रस्तावनेत तुमचं नाव असतं, तर तुम्ही ते लिहिलं असतं?'

भिंतीपलीकडे मी मनात म्हणत होतो, हो म्हणा. एवढं तरी म्हणा.

'माहीत नाही,' कानामात्रा म्हणाले. 'बहुतेक नाही.'

बाईंनी मान हलवली. 'मलाही तसंच वाटलं होतं.' त्या उठल्या, पर्स घेतली. दाराशी जाऊन म्हणाल्या, 'तरी लिहिलंत हे बरं केलंत. उशीर केलात.' दोन्ही वाक्यं एकाच आवाजात म्हणाल्या. पुढे वर्षभराने निवृत्त होईपर्यंत त्यांनी तितकंच नीट वाचून दाखवलं, पण घरून पुस्तक पुन्हा आणलं नाही, आणि कानामात्रांनी मागितलंही नाही.

साडू एकदा घरी आला होता. दुसऱ्या आवृत्तीचं चाललं होतं म्हणे. सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला, 'साडूभाऊ, एवढंच होतं तर सांगायचं ना! नाव घातलं असतं. आताही घालतो, पहिल्या पानावर, ठळक अक्षरात.'

'नाव नको,' कानामात्रा म्हणाले. 'ती चर्चा काढ, नाहीतर पूर्ण पान वाचून नवी टाक.'

'ते आता कोण बघतंय?' साडू हसत म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. चहा पिऊन, कानामात्रांच्या बायकोशी चेष्टामस्करी करून तो गेला.

मी कानामात्रांना म्हणालो, शाबास, नाव नको म्हणालात. ते लाल पेनाचं टोपण घालत-काढत बसले.

'म्हणालो खरं,' ते म्हणाले. 'पण त्याने ठळक अक्षरात म्हटलं ना, तेव्हा अक्षरांचा टाइपसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आला.'